अंकल रिकीची गोष्ट : तुरुंगातून परतलेल्या निवेदकाचा अभ्यास

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत मला ‘कथाकथन’ या विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं. सगळ्यांना वाटलं मी मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर यांच्यावर बोलणार. हे तिघे गावोगाव फिरून कथा सांगायचे, लोक तिकीट काढून ऐकायला यायचे, हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकलोच आहोत. मी मात्र मोबाईलला स्पीकर जोडला आणि एका अमेरिकन रॅपरचं गाणं लावलं. दीड मिनिटात सरांनी हात वर केला. “यात कथा कुठे आहे?” पुढच्या बाकावरची एक मैत्रीण म्हणाली, “सर, कथा आहे. पण या माणसाने खऱ्या आयुष्यात गोळी झाडली आहे. आपण त्याचा अभ्यास का करायचा?”

दोन्ही प्रश्नांना मी तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. वेळ संपली, चहा आला. म्हणून हा लेख.

त्या रॅपरचं नाव स्लिक रिक. खरं नाव रिचर्ड वॉल्टर्स. जन्म १९६५चा, दक्षिण लंडनमधल्या मिचमचा. आईवडील जमैकाचे. अगदी तान्हेपणी काच लागून त्याचा उजवा डोळा गेला, आणि पुढे डोळ्यावरची काळी पट्टी हीच त्याची ओळख झाली. शाळकरी वयात कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात आलं. म्हणजे बघा, बोली इंग्लंडची, घरातला सूर जमैकाचा, आणि गल्ली ब्रॉंक्सची. आपल्या इंदुरातल्या मराठी पोरांना हे समजवायला नको. घरात एक मराठी, राजवाड्यावर दुसरी भाषा, आणि पुण्याला गेलो की तिथले लोक आपल्या ‘करून राहिलो’वर हसतात. रिकने मात्र आपला वेगळा उच्चार लपवला नाही, उलट त्यालाच भांडवल केलं. ब्रॉंक्सच्या कट्ट्यावर इंग्लिश साहेबासारखा संथ, थोडा लाडिक, थोडा नाकातला आवाज. तो लगेच लक्षात राहायचा.

१९८५ साली डग ई. फ्रेशबरोबर त्याचं ‘ला डी डा डी’ आलं. त्यात वाद्यच नाही. डग ई. फ्रेश तोंडाने ठेका धरतो आणि रिक बोलतो. बस, दोन तोंडं. गोष्ट तरी काय? एक छानछोकी तरुण सकाळी उठतो, आंघोळ करतो, नटतो, बाहेर पडतो, एक मुलगी रडत भेटते, आणि मग त्या मुलीची आईच त्याच्या मागे लागते. एवढंच. पण साबण, अत्तर, कपडे, टोपी अशा बारीकसारीक वस्तूंनी ती सकाळ डोळ्यासमोर उभी राहते. आठ वर्षांनी स्नूप डॉगने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये हे गाणं नव्याने म्हटलं, आणि नंतर कितीतरी रॅपरांनी त्याचे तुकडे उचलले.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो : कथा कुठे आहे?

पहिल्यांदा छंद बघू. रॅपची एक ओळ म्हणजे साधारण चार ठोके, त्याला ते ‘बार’ म्हणतात. दोन बारांच्या शेवटी यमक जुळलं की जोडी झाली. यात कथा सांगणं अवघड असतं, कारण यमक माणसाला ओढून नेतं. जायचं असतं बाजारात आणि यमक घेऊन जातं मजारीत. आपल्या जुन्या कवींनी यावर ओवीची युक्ती काढली. ग्रंथातल्या ओवीत तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा, आणि अक्षरांची संख्या कवीच्या सोयीने कमी-जास्त. त्यामुळे ओवी श्वासासारखी लांबते-आखडते आणि कथेला अडवत नाही. रिक हेच काम उच्चाराने करतो. तो ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, एखादा शब्द गाण्यासारखा लांबवतो, मग राहिलेले शब्द भराभर भरून ठोक्यावर वेळेत पोचतो. ऐकणाऱ्याला वाटतं की हा नुसता गप्पा मारतोय. एकदा त्याच्या बोलण्याबरोबर टाळी देऊन बघा, मग कळेल की टाळी कुठेच चुकत नाही.

दुसरी गोष्ट आवाजांची, आणि मला वाटतं खरी कला इथे आहे. रिक एकटाच सगळी पात्रं होतो. बाई, पोलीस, लहान पोर, गुंड, प्रत्येकाचा आवाज वेगळा. आपल्याला हे नवं नाही. एकनाथांच्या भारुडात एकच माणूस जोगी होतो, महारीण होतो, आंधळा होतो. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा उपरणं खांद्यावरून डोक्यावर घेतलं की यशोदा झाली, कमरेला बांधलं की पेंद्या. पण कीर्तनकाराला दोन पात्रांच्या मध्ये श्वास घ्यावा लागतो. रिकने स्टुडिओचा फायदा घेतला. संवादातल्या दोन बाजू तो वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करतो, त्यामुळे एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, जसं खऱ्या भांडणात होतं. एकटा माणूस स्वतःलाच तोडून बोलतोय! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की गाणारे दोघं आहेत.

१९८८ साली डेफ जॅम या कंपनीने त्याचा पहिला अल्बम ‘द ग्रेट ॲडव्हेंचर्स ऑफ स्लिक रिक’ काढला. त्यातलं ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ हे गाणं मी बैठकीत लावलं होतं. त्याची चौकट अशी : रात्रीची वेळ आहे, लहान मुलं झोपायच्या तयारीत आहेत आणि अंकल रिकीकडे गोष्टीचा हट्ट करतात. काका गोष्ट सुरू करतो, तीही परीकथेच्या सुरुवातीच्या शब्दांत. आणि सांगतो काय? एक पोरगा दुसऱ्या पोराच्या नादी लागून लुटमार करू लागतो. पैसा मिळतो, चटक लागते. एक दिवस ज्याला लुटायला जातो तो साध्या वेशातला पोलीस निघतो. झटापट, गोळी, पळापळ. एका नशेबाज ओळखीच्याकडे गोळ्या मागणं, चोरलेली गाडी, झाडावर आदळणं, एका गरोदर बाईला ओलीस धरणं, आणि शेवटी पोलिसांच्या गोळीने मरण. पोरगा सतरा वर्षांचा. काका मुलांना बजावतो की ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे, आणि गुड नाईट म्हणतो. हे सगळं चार मिनिटांच्या आसपास. एखाद्या कादंबरीकाराला यासाठी दोनशे पानं लागली असती आणि तरी त्याने गाडीचं झाड विसरलंच असतं.

सर, कथा ही अशी आहे.

आता मैत्रिणीचा प्रश्न, जो जास्त अवघड आहे.

१९९० साली, म्हणजे ही सावधगिरीची गोष्ट सांगून दोन वर्षं झाली नाहीत तोच, रिकने आपल्याच नात्यातल्या एका भावावर गोळ्या झाडल्या. तो भाऊ आधी त्याचा अंगरक्षक होता. रिकचं म्हणणं असं की तो पैशासाठी धमकावत होता. एक गोळी रस्त्याने जाणाऱ्या भलत्याच माणसाला लागली. दोघेही वाचले. रिकने खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला आणि पाच वर्षांच्या आसपास तुरुंगात काढली. जामिनावर बाहेर असताना घाईघाईत एक अल्बम केला, १९९१चा ‘द रूलर्स बॅक’. शिक्षा भोगत असतानाच दुसरा आला, १९९४चा ‘बिहाइंड बार्स’. हे दोन्ही ऐकवत नाहीत असं नाही, पण त्यात निवेदक धापा टाकतोय. गोष्ट सांगायला जो निवांतपणा लागतो, तो तिथे नाही.

मग मध्ये खूप काही घडलं. टुपाक आणि बिगी, दोघेही गोळ्यांना बळी पडले, एक १९९६ला, दुसरा १९९७ला. रॅपमध्ये पैसा आला. आणि रिकची कथनशैली दुसऱ्यांच्या तोंडी गेली. १९९८मध्ये अटलांटाच्या आउटकास्टने ‘डा आर्ट ऑफ स्टोरीटेलिन’ नावाचं गाणं केलं, त्याच्या नव्या आवृत्तीत रिक स्वतः आला. त्याच वर्षी ब्लॅक स्टार या जोडीने ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ची चौकट घेऊन स्वतःची वेगळी गोष्ट सांगितली. म्हणजे मालक बाहेरगावी असताना घरातल्या पोरांनी त्याची भांडी वापरून स्वयंपाक चालू ठेवला होता.

मे १९९९मध्ये ‘द आर्ट ऑफ स्टोरीटेलिंग’ आला. पुनरागमनाचा अल्बम म्हणतात तो हाच. बिलबोर्डच्या यादीत पहिल्या दहांत गेला.

मी तो पहिल्यांदा ऐकायला बसलो तेव्हा माझ्या मनात एक अपेक्षा होती, आणि खरं सांगतो, ती वाचनातून आलेली अपेक्षा होती. तुरुंगातून सुटलेला लेखक काय लिहील? पश्चात्ताप. आत्मपरीक्षण. आता तरी तो ‘मी’ म्हणून सांगेल की त्या दिवशी काय झालं. आपण दलित आत्मकथनं वाचून, तुरुंगातली पत्रं वाचून अशी सवय लावून घेतली आहे की भोगलेलं असेल तर ते कागदावर यायलाच हवं.

तसं काही झालं नाही. अल्बममध्ये रिक पूर्वीसारखाच राजा आहे, अंगावर सोन्याच्या साखळ्या, तोंडात बढाया. ‘स्ट्रीट टॉकिन’मध्ये आउटकास्टच्या बिग बॉयबरोबर चेष्टामस्करी. नाझ, रेक्वॉन, स्नूप हे सगळे पाहुणे म्हणून येतात, जणू सासरहून आलेल्या आत्याला भेटायला भाचरं जमलीत. नाझबरोबरच्या गाण्यात तर गुरू कोण आणि शिष्य कोण हे लपत नाही, नाझ शब्द रचतो दाट, अंतर्यमकांनी ठासून. रिक कमी बोलतो आणि जागा मोकळी सोडतो. ‘हू रॉटन एम’मध्ये तो थेट प्राचीन इजिप्तमध्ये जातो, गुलामांच्या काळात. बंदिवासाबद्दल बोलायचं तर बोलला, पण हजारो वर्षं लांब जाऊन. हे मला चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना लक्षात आलं.

अल्बम सगळाच चांगला आहे असं मी म्हणणार नाही. उत्तरार्ध सैल आहे. ‘ॲडल्ट्स ओन्ली’सारखं गाणं आपल्या बैठकीत लावता येणार नाही, आणि न लावल्याने काही बिघडणारही नाही. बायकांबद्दलची त्याची भाषा १९८८मध्येही वाईट होती, तुरुंगाने ती सुधारली असा पुरावा मला तरी दिसला नाही. मग या अल्बमचं महत्त्व कशात? आवाजात. मधल्या दोन अल्बममध्ये धापा टाकणारा निवेदक इथे परत निवांत झालाय. तोच रेंगाळणारा उच्चार, त्याच वेळेवर पडणाऱ्या टाळ्या. जे हरवायला पाहिजे होतं ते हरवलं नाही. याने मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून थोडी लाजही वाटली, कारण मैत्रिणीचा प्रश्न डोक्यात होताच. नंतर ती मला कँटीनमध्ये भेटली तेव्हा तिने तो आणखी नेमका केला : “रस्त्याने चाललेल्या ज्या माणसाला गोळी लागली, त्याचा अल्बम कुणी काढला?” माझ्याकडे उत्तर नाही.

रिकची गोष्ट १९९९ला संपली नाही. २००२मध्ये एका जहाजावर कार्यक्रम करून परतताना अमेरिकेच्या परदेशी नागरिक खात्याने त्याला पकडलं, कारण तो जन्माने ब्रिटिश आणि शिक्षा झालेला. वर्षाहून जास्त काळ तो कोठडीत होता. २००८मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर डेव्हिड पॅटर्सन यांनी त्याला माफी दिली, २०१६मध्ये नागरिकत्व मिळालं. आणि २०२५मध्ये, साठीला आलेल्या या माणसाने ‘व्हिक्टरी’ नावाचा नवा अल्बम काढला. १९९९नंतरचा पहिला. काढणाऱ्या कंपन्यांत नाझची मास अपील आहे. म्हणजे शिष्याने गुरूला छापलं.

इथपर्यंत मी पुस्तकी बोललो. आता जे बैठकीत बोलू शकलो नाही ते.

माझा एक आतेभाऊ आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. लहानपणी उन्हाळ्यात रामबागेतल्या घराच्या गच्चीवर आम्ही सगळी भावंडं झोपायचो आणि दादा सिनेमाच्या गोष्टी सांगायचा. आम्ही बघितलेलेच सिनेमे असायचे. पण दादा सांगायचा तेव्हा व्हिलनचा आवाज वेगळा, हिरोच्या आईचा वेगळा, घोड्यांच्या टापांचाही वेगळा. शेजारच्या गच्चीवरच्या काकू ओरडायच्या, “झोपा रे आता!” आणि दोन मिनिटांनी त्याच विचारायच्या, “मग पुढे काय झालं?”

पुढे एका भांडणात दादाच्या हातून एक माणूस जबर जखमी झाला. दादाला शिक्षा झाली. मागच्या दिवाळीच्या आधी तो सुटून आला. घरात सगळे त्याच्याशी चांगले वागतात, म्हणजे त्याला दोनदा चहा विचारतात आणि बाकी काहीही विचारत नाहीत. गोष्टी सांगणं तर लांबच, तो जेवतानाही ‘आमटी’ आणि ‘पुरे’ यापलीकडे बोलत नव्हता. मी या लेखाची तयारी करत होतो तेव्हा तो पलीकडच्या कॉटवर पडून होता. मी ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ चार-पाच वेळा लावलं, शब्द समोर ठेवून. इंग्रजी त्याला पुरतं कळत नाही, मी मध्ये मध्ये सांगत गेलो.

तो म्हणाला, “परत लाव.”

लावलं.

“थांब. इथे तो काय म्हणतो? पोरगा मरतो तेव्हा?”

मी सांगितलं की पोलीस त्या पोराला गोळी घालतात, आणि काका म्हणतो की त्याची किंकाळी कानातून गेलेली नाही.

“कुणाच्या कानातून?”

“काकाच्या. गोष्ट सांगणाऱ्याच्या.”

“मग तो तिथं होता रे,” दादा म्हणाला. “परीकथा नाही सांगत तो. बघून आलाय.”

मी गाणं निदान तीस वेळा ऐकलं होतं. सगळी गोष्ट तिसऱ्या पुरुषात आहे : तो पोरगा, तो पोलीस, ती बाई. फक्त मरणाच्या ठिकाणी निवेदक एका क्षणापुरता ‘मी’ म्हणून बाहेर येतो आणि लगेच परत काका होतो. चौकटीतली ही एकच फट आहे. तिच्यामुळे झोपताना सांगायची गोष्ट साक्ष होते, आणि मुलांना माहीतही नसतं की आपण साक्ष ऐकली. मी हे वहीत ‘निवेदकाचं स्थान’ या मथळ्याखाली लिहून ठेवायला हवं होतं आणि लिहिलं नव्हतं. दादाने दुसऱ्या खेपेला पकडलं.

मग मला १९९९च्या अल्बमबद्दलची माझी तक्रारही वेगळी दिसू लागली. मी कबुलीजबाब शोधत होतो. पण रिकने आपली साक्ष १९८८मध्ये, गुन्ह्याच्या आधीच, काकाच्या तोंडून देऊन टाकली होती, आणि गुन्ह्यानंतर त्याला ती परत देता आली नसावी. हा माझा तर्क आहे, सरांनी खोडला तरी चालेल. दादाला मी एवढंच विचारलं, “तू सांगशील का एखादी?” तो म्हणाला, “बघू,” आणि कूस बदलली.

पुढच्या बैठकीसाठी मंडळाच्या सभासदांना एक करून बघण्यासारखं काम. दोन पात्रांचं भांडण सोळा ओळींत लिहा. प्रत्येक ओळ चार टाळ्यांत बसवा. ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ असं एकदाही लिहू नका. कोण बोलतंय ते शब्दांवरूनच कळलं पाहिजे. आणि कुठेतरी एकाच ठिकाणी, फक्त अर्ध्या ओळीपुरतं, सांगणारा स्वतः दिसू द्या. कुठे दिसू द्यायचा ते ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मी तीनदा लिहिलं, आणि तिन्ही वेळा तो फार लवकर आला. मराठीत हे जमत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचं, प्रकाश भोईर यांच्यासोबतचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकावं, त्यात आरेच्या जंगलाची बाजू जंगलातलाच माणूस मांडतो.

सोळा ओळी झाल्या की मोठ्याने म्हणून बघा, शक्यतो गच्चीवर. शेजारच्या काकूंनी “पुढे काय झालं?” विचारलं तर आणा.